जावयाच्या गाडीचा निळा धूर

साकोलीच्या गॅरेजात माझं पंक्चर निघेपर्यंत मी बाकावर बसलो होतो. एक म्हातारे गृहस्थ मोटारसायकल ढकलत मेकॅनिकपाशी आले.

"विनोदभाऊ, पाह्य गा. जावयाची गाडी धूर फेकून रायली."

"काळा का निळा?"

"निळा. लेकीनं आपल्या मनानं लगन केलं. तीन वर्सांनी आज जावई पयल्यांदा माह्या दारात आले, अन् मी त्याईची गाडी जाळली."

"निळा म्हंजे ऑईल जळून रायलं. पण गाडी तं नवीच दिसते. तुमी काय केलं, काकाजी?"

"टाकी भरली. पाव्हण्याची गाडी रिकामी कशी धाडू?"

"अन् पेट्रोलमंदी काय टाकलं?"

"ऑईल. माह्या जुन्या गाडीत वीस वर्स टाकलं."

"जुन्या गाड्याईले पेट्रोलमंदी ऑईल लागे, हिच्यात टाकत नाही, काकाजी. टाकी खाली करतो. धूर जाईन हळूहळू."

"त्याईले समजन का गा?"

विनोद टाकीचं झाकण उघडत होता, तेवढ्यात म्हाताऱ्यांचा फोन वाजला. लेकीचा आवाज बाकापर्यंत आला.

"बाबा, कुठी आहा तुमी? ताटं वाढली. हे म्हणते, बाबा आल्याबिगर मी बसत नाही."

"आलो, मनाली."

फोन खिशात गेला.

"विनोदभाऊ, गाडी राहू दे इथंच. मले घरी सोडून दे पयले."