दोघांचं मीठ

बाबा : म्हणजे एवढ्यानं? वर्षभर अळणी खाल्लं म्हणून माणूस असा दवाखान्यात आडवा होतो, डॉक्टर?

डॉक्टर : सगळे नाही होत. तुमचा रक्तदाब त्याच वर्षात ताळ्यावर आला ना?

बाबा : आला, पण तो या पोरीमुळे. मला अळणी घास गिळवेना, तेव्हा म्हणाली, मीपण तुमच्यासारखंच खाईन. दोघांचं एकच पातेलं. मी दारोदार सांगत सुटलो, मुलगी असावी तर अशी.

मुलगी : बाबा, पुरे.

डॉक्टर : मला आता तुमच्याकडून ऐकायचंय. थकवा कधीपासून?

मुलगी : सहा महिने झाले असतील. मी शाळेत खेळ शिकवते. मुलांबरोबर मैदानाला चार फेऱ्या मारायचे. मग एकच. मग शिट्टी तोंडात धरून खुर्चीतच. वजन उतरलं, बोटांची पेरं काळी पडली. सगळे म्हणाले, उन्हात असतेस, होणारच.

डॉक्टर : खाण्यापिण्यात काही?

मुलगी : यांच्यासमोर सांगू?

बाबा : सांग की. आता काय झाकायचं राहिलंय?

मुलगी : मी मीठ चोरून खायचे. शाळेतल्या कपाटात, चेंडूंच्या मागे पुडी होती. मधल्या सुट्टीत तळहातावर घ्यायचं आणि चाटायचं. नुसतं मीठ. त्याशिवाय उभंच राहवायचं नाही.

बाबा : मला कधी बोलली नाहीस.

मुलगी : कोणत्या तोंडानं बोलू? घरी तुमच्यासोबत अळणी खायचं आणि बाहेर हे चाळे. शेवटी स्वतःचीच चीड आली. पुडी फेकून दिली.

डॉक्टर : कधी?

मुलगी : मैदानात पडले, त्याच्या आठ दिवस आधी.

डॉक्टर : अच्छा. म्हणजे तोवर त्या पुडीनं तुम्हाला सावरून धरलं होतं.

बाबा : मला नीट उमजलं नाही.

डॉक्टर : आपल्या दोन्ही मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक बारीकशी ग्रंथी असते. मीठ धरून ठेव, हा निरोप शरीराला तिथून जातो. यांच्या त्या ग्रंथी हळूहळू बंद पडल्यात. निरोपच नाही, त्यामुळे खाल्लेलं मीठ लघवीतून निघून जातं. तुमचं शरीर मीठ सोडत नाही, यांचं धरत नाही.

बाबा : आणि मी तिला माझ्या पातेल्यातलं वाढत राहिलो.

डॉक्टर : आजार त्यानं झालेला नाही. ग्रंथी बिघडणारच होत्या. अळणी खाण्यानं झीज लवकर उघडी पडली, एवढंच.

बाबा : मी चाळीस वर्षं कारखान्यात लेथवर काढली. केसाएवढी चूक शोधायची तरी मापाचं यंत्र लागायचं. हिच्या जिभेला कुणी सांगितलं, आत काय कमी पडतंय ते?

डॉक्टर : ते मलाही पुरतं सांगता येणार नाही. अशा रोग्याला मिठाची ओढ लागते, हे शिकताना पाठ केलं होतं. पण असं कुणाच्या तोंडून ऐकलं की आजही अंगावर काटा येतो. आम्हाला रक्त तपासून परवा कळलं. यांच्या शरीराला सहा महिने ठाऊक होतं.

मुलगी : आणि मी त्याला चटक म्हणत होते.

बाबा : ही बाटली कसली लावलीय?

डॉक्टर : मीठ-पाणी.

बाबा : आणखी काय आहे त्यात?

डॉक्टर : काही नाही. ग्रंथीचं काम करणारं इंजेक्शन वेगळं दिलं. आणलं तेव्हा नाडी हाताला लागत नव्हती. दुसरी बाटली संपत आली आणि यांनी डोळे उघडले.

बाबा : मी पाहत होतो. थेंब मोजत होतो. मनात म्हटलं, काय जबरदस्त औषध काढलंय माणसानं.

डॉक्टर : आता गोळ्या रोज, जन्मभर. त्या चुकवायच्या नाहीत. मीठ मात्र मनसोक्त खा. उन्हात घाम गाळलात तर आणखी. आणि तुम्ही, काका, पूर्वीसारखंच. चिमूटभरही वाढवायचं नाही.

बाबा : घर एक, टेबल एक.

डॉक्टर : पातेली दोन करा. येते मी.

(परिचारिका जेवणाचं ताट आणि मिठाची पुडी ठेवून जाते.)

मुलगी : बाबा, भाजीवर तुम्ही घाला. माझ्या हाताला सुई लावलीय.

बाबा : किती घालू?

मुलगी : घालत राहा. मी सांगते.

बाबा : एवढं?

मुलगी : अजून.