बुधवारची लाईन

दुकानदार बंधूंनो, भगिनींनो आणि सुमनवहिनी,

काउंटरमागे मी दिवसभर बोलते. पण वहिनी, आज प्रकाशभाऊंच्या शोकसभेत उभी राहिले आणि शब्द सापडेनात. सांभाळून घ्या.

प्रकाशभाऊ उमरखेडच्या एजन्सीचे सेल्समन. साबण, चहा, बिस्किटं. फुलसावंगीच्या दुकानांची त्यांची फेरी, म्हणजे लाईन, बुधवारची. किती वर्षं ते दर बुधवारी माझ्या दुकानात आले. आधी फळीवरचा जुना माल पुढे ओढायचे, मगच वही काढायचे. म्हणायचे, "ताई, चहा हाय अजून. कायले घेता?"

महिनाअखेरीला कंपनीचा तगादा असायचा, पेट्या उतरवा. एकदा मीच म्हटलं, "भाऊ, तुमचं टार्गेट होत असंल तं टाका दोन पेट्या."

ते हसले. "कंपनीचं काय, पेटी गोदामातून निघाली का माल खपला. तुमाले तं गिऱ्हाइकाले विकाचा हाय. अन् तुमचं गिऱ्हाईक एका वडीत सारं घर न्हाऊ घालते."

मग ऑर्डर फोनवरून टाकायची सोय आली. फोनवरून टाकली की दोन साबण जास्तीचे. मी टाकू लागले. बुधवारी भाऊ आले की सांगायची, "कालच टाकली भाऊ."

"बरं केलं." पाणी प्यायचे, फळी लावायचे, निघायचे.

असे किती बुधवार गेले? मला वाटायचं, त्यांचा त्रास वाचला. हातात ऑर्डर नसलेली फेरी कंपनी रिकामी धरते, हे मला माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं. ते बोलले नाहीत. तुमच्यापैकी कोणाला बोलले होते?

शेवटी रिकाम्या फेऱ्या मोजून कंपनीने लाईन बंद केली. तरी एका बुधवारी ते आले. पिशवी नाही, वही नाही.

"काहून आले भाऊ?"

"असाच. सवय हाय."

मी गिऱ्हाइकात होते. मान वर केली तेव्हा ते स्टँडकडे निघाले होते. पाठमोरे.

वहिनी, माहीत असतं तर मी फोन बाजूला ठेवला असता, असं सांगायचं ठरवून आले होते. पण खरं सांगू? ठेवला असता की नाही, ठाऊक नाही. ते दोन साबण मलाही हवे होते. पण त्या दिवशी "बसा भाऊ" म्हणायला मला कोणी अडवलं होतं?

माल आता वेळेवर येतो. बुधवारी दुपारी मी तरीही रस्त्याकडे पाहत राहते.

उठा, आपण सगळे उभे राहू. भाऊंसाठी थोडा वेळ कोणी काही बोलू नका.