सर्जेरावाच्या बहिणीचा शोध

पोलीस ठाणे भोकरदन, दि. १४ डिसेंबर २००३

मी मच्छिंद्र तातेराव गावंडे, वय ३४, धंदा कॉम्प्युटर टायपिंग, राहणार भोकरदन, समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगतो की,

वरील ठिकाणी मी पत्नी उषाबाईसह राहतो. पुढच्या खोलीत माझे टायपिंगचे दुकान आहे. निवृत्त शिक्षक काकासाहेब जंजाळ यांनी जिथे जिथे बदली झाली तिथल्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या ऐकून हाताने लिहून ठेवल्या. त्या वह्या कॉम्प्युटरवर उतरवण्याचे काम उन्हाळ्यापासून माझ्याकडे आहे. कुठलाही शब्द शोधला की सापडला पाहिजे, असा गुरुजींचा हट्ट. दळणाची गाणी शोधायला कोण बसलंय, अशी मी त्यांची थट्टा करत असे.

परवा दुपारी बस स्टँडवर एक म्हातारी एकटीच बसलेली उषाबाईला दिसली. तिला गाव सांगता येईना, स्वतःचे नावही आठवेना. म्हणून तिला घरी आणून ठाण्याला कळवले. जमादारांनी येऊन तिला नवऱ्याचे नाव विचारले. मीही तेच विचारले. तिने पदर तोंडाला लावला. जुन्या बाया नवऱ्याचे नाव घेत नाहीत हे आम्हा दोघांनाही ठाऊक, तरी आमचा प्रश्न काही बदलेना.

काल उषाबाई ज्वारी निवडत असताना म्हातारी शेजारी बसून पुटपुटू लागली:

जात्याच्या तोंडी घास, मोत्यावानी जोंधळा,
सर्जेराव बंधू माझा, उंच बाई सावळा.

उषाबाई मला म्हणाली, "अवो, हा सर्जेराव बघा की तुमच्या कॉम्प्युटरात. नवऱ्याचं न्हाई, पण भावाचं नाव बराबर घेऊन राह्यली."

मी 'सर्जेराव' टाइप करून शोध दिला. पापणी लवायच्या आत पडदा त्याच ओवीवर येऊन थांबला. ती मीच कधीतरी टाइप केली होती, मला आठवतही नव्हती. खाली गुरुजींची नोंद होती: सांगणार साळूबाई, माहेर वाटूर, १९८३. वीस वर्षांपूर्वी एका बाईच्या तोंडून निघालेले शब्द माझ्या दुकानात तिची वाट बघत बसले होते, आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

मी मागे वळून "साळूबाई" अशी हाक मारली. म्हातारी "ओ" म्हणाली.

मग वाटूरच्या एसटीडी बूथवर फोन लावून निरोप दिला. आज सकाळी सर्जेराव एसटीने आले. बहीण मुलाकडे जायला निघाली ती पोचलीच नाही, सगळे शोधत होते, असे त्यांनी सांगितले.

इतका वेळ घरात असून म्हातारीने आम्हाला काहीच विचारले नव्हते. दारात उभ्या सर्जेरावांकडे ती टक लावून बघत राहिली आणि म्हणाली, "सर्जा, उपाशीच आलास का रे?"

तिला त्यांच्या ताब्यात देण्यास माझी हरकत नाही.

हा जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो लिहिला आहे, म्हणून सही करतो.