बिरू काय म्हनत हुता

आमी मूळचं मोहोळकडचं, धनगर. बाप मेंढरं राखायचा, आन् मला मानसांच्या आदी मेंढरांचंच बोलनं यायला लागलं म्हना की, शीळ घातली की कळप वळायचा, जिभेनं टक् केलं की थांबायचा. एका साली पाऊसच न्हाय झाला, निम्मी मेंढरं गेली, मग बापानं माजं लगीन लावून दिलं सोलापुरात, गिरनीतल्या मानसाशी.

हितं आले आन् काय सांगू तुमाला, नळावर एक बाई कानडीत भांडायची, दुसरी तेलंगीत उत्तर द्यायची, पलीकडची मुसलमानाची बाई दोघींना आपल्या बोलीत गप करायची, आन् सगळ्यांना सगळं कळायचं. माजंच तोंड शिवल्यावानी. आमचं मालक म्हनायचं, शिकशील की, हितं समदी शिकत्यात. पन मीबी गिरनीत लागले, आन् तितं कुटलं शिकनं, रीळखात्यात यंत्रांचा आवाज असा की शेजारनीचं मराठीबी ऐकू येत न्हाय, हातानंच बोलायचं.

मग बिरू झाला. बाकीच्या बाया पोरं निजून ऱ्हावी म्हनून अफू द्यायच्या, त्यात त्यांचा तरी काय दोष, पन माजा हात धजंना. शेजारी नरसव्वा हुती, मोगलाईतनं आलेली तेलंगी बाई, तिचा नवरा घरातच हातमागावर लुगडी विनायचा, ही बसून सुताच्या कांड्या भरायची. तिला मूलबाळ न्हवतं. ती म्हनली, अक्का, पोरगा माज्यापाशी ठेव, मी हाय की. पोराला अफूबिफू काय नको.

तवा बिरू दिवसभर तिच्यात. मागाच्या खड्ड्यापाशी बसायचा, कांड्या लोळवायचा, आन् बोलाय लागला तर तेलंगीच की वो. पानी म्हनायचा न्हाय, नीळ्ळु म्हनायचा. मला आये म्हनायचा तेवडंच मराठी. चाळीतल्या बाया हसायच्या, मालकबी म्हनायचं, ह्येला आता तेलंगी पोरगीच बघावी लागंल. मला कवा वाईटबी वाटायचं, माज्या पोटचं आन् मलाच त्याचं बोलनं कळंना. मग मी नरसव्वाला हाक मारायची, अगं ह्यो काय म्हनतोय बघ. ती सांगायची, भूक लागली म्हनतोय, न्हायतर मुंगी चावली म्हनतोय. तिचं मराठी असं की पोरगा आली, पोरगी आला, पन मला सगळं कळायचं. ती हाय म्हनून माजं भागत हुतं.

बिरू तिसऱ्या वर्षात हुता. नरसव्वाच्या भावाचं लगीन निगालं, ती आन् नवरा गावाला गेली. आन् तवाच पोराला ताप आला. मी कामावर खाडा केला, मालकांनी दवाखान्यात न्हेलं. डाक्तर म्हनला, छातीत गेलाय, उशीर झालाय, घरी ऊब द्या. मी गोधडीत गुंडाळून बसले. दुपारी जरा डोळं उगडलं त्यानं आन् म्हनाय लागला, चली, आये, चली.

मला वाटलं चल म्हनतोय. बाहीर चल म्हनतोय, नरसव्वाकडं चल म्हनतोय. डाक्तर ऊब म्हनला हुता खरं, पन लेकराचं मागनं मोडवंना. गोधडी काडली, कडंवर घेतलं, तिच्या बंद दाराम्होरं न्हेलं, कडी वाजवून दावली, बघ की रं, न्हाय ती घरात. तरी म्हनतोय चली. मग नळापातूर न्हेलं, तितनं लिंबाखाली. थंडीचं दिवस, वारं सुटलेलं. त्यो माज्या गळ्यात तोंड खुपसून बसला, घट्ट धरलं मला, आन् मला वाटलं, भागलं बाळाचं, हिंडला, निवांत झाला.

दुसऱ्या दिवशी गेला.

नरसव्वा आली ती त्याच्यासाटी लाल टोपडं घिऊनच. दारातच कळलं तिला. लई रडली, दोघी रडलो. रडता रडता मी सांगितलं, बाई गं, चली चली म्हनत हुता, तुज्याकडं यायचं हुतं त्याला, मी सगळीकडं फिरवला. तर तिचं रडूच थांबलं. तोंडाला पदर लावला आन् माज्याकडं बघंना. मी म्हनलं, काय गं? लई इचारलं तवा म्हनली, अक्का, आमच्यात चली म्हंजी थंडी.

डाक्तर आदीच बोलला हुता, मी न्हेला म्हनून काय गेला न्हाय, मालक सांगत्यात, नरसव्वा सांगती. व्हय, मलाबी कळतंय. पन लेकरू मला थंडी वाजती सांगत हुतं की वो.

मग मी शिकले. गिरनीतनं आले की तिच्यापाशी बसायची, आन् त्याचं जे जे कानात ऱ्हायलं हुतं त्ये म्हनून दावायची. एत्तुको म्हंजी काय गं? उचलून घे. भयम म्हंजी? भ्या वाटतंय. रोज सकाळी मी निगाले की पदर धरून पोवद्दु पोवद्दु म्हनायचा, मला गानंच वाटायचं, मीबी हसून तसंच म्हनत जायची. नरसव्वा म्हनली, अक्का, जाऊ नको म्हनत हुता.

अशी आली मला तेलंगी. आता सरळ बोलते, मोगलाईतनं नवी बाई कामाला आली की मुकादम मलाच बोलवतो, हिला समजावून सांग म्हनून. परत मूल झालं न्हाय. नरसव्वा हाय अजून, तिचं डोळं गेल्यात, कांड्या मीच भरून देते आन् तिच्याशी तिच्याच बोलीत बोलत बसते. मालकांना त्ये ऐकवत न्हाय, उठून बाहीर जात्यात. जाऊ द्या, त्यांचंबी लेकरू हुतं.

तुमी एवडं लिहून घेतलं, बरं वाटलं. तुमाला लेकरं हायती म्हनला न्हवं? त्यास्नी उदंड आयुष्य लाभू दे, आन् त्यांचं बोलनं तुमाला येळेवर कळू दे.