राहिलेल्या कामांचा खण

बाई – आणि हे कपाट? पक्षाचं की तुमचं?

अण्णा – कुठलं?

बाई – तुम्ही टेकून उभे आहात ते.

अण्णा – मला काय ठाऊक. एकतीस वर्षं इथंच आहे.

बाई – एकतीस वर्षं मीही इथंच आहे. मी पक्षाची, ते मला माहीत आहे. कपाटाचं विचारतेय.

अण्णा – न्या. घेऊन जा.

बाई – असं कसं घेऊन जा? यादी करायला सांगितलंय. एक वाजता टेम्पो येतोय. पक्षाचं ते पक्षाकडे, घरचं ते घरात. उद्या कुणाचा बोल नको, की अण्णांनी पक्ष सोडला आणि कार्यालयाच्या बाईंनी अण्णांच्या घरातलं उचललं.

अण्णा – घर माझं, खोली माझी. आतलं काय कुणाचं, ते मी कधी बघितलंच नाही.

वहिनी – मी बघितलंय. कपाट माझ्या माहेरचं आहे.

अण्णा – तू कशाला खाली आलीस? जिना चढवेल का परत?

वहिनी – तळमजला बघायला आले. माझ्या घरातली सगळ्यात मोठी खोली आहे म्हणतात. बाई, लिहा. हे पहिली निवडणूक जिंकले, त्याच आठवड्यात माझे कपडे आले गाठोड्यात आणि कपाट गेलं पक्षात.

बाई – म्हणजे घरचं लिहिते.

वहिनी – लिहा घरचं, पण राहू दे इथंच. चार वाजता दुसऱ्यांची पाटी लागायचीय ना. त्यांनाही कपाट लागेल. आमच्या कपाटाचं बरं आहे, राजीनामा द्यावा लागत नाही.

अण्णा – झालं तुझं?

वहिनी – माझं कधीचंच झालंय. तुमचं काल झालं. त्रेचाळीस वर्षांचा संसार, दोन ओळींत मोडला. बाई, तुम्हाला सांगते, घरी आले, हात धुतले, नेहमीसारखे जेवले. मला वाटलं रडतील, कुणाला तरी शिव्या घालतील, निदान ताट तरी सरकवतील. कसलं काय. मीठ जास्त झालं होतं, तेही कळलं नाही या माणसाला.

अण्णा – झालं होतं?

वहिनी – घ्या.

बाई – मी टीव्हीवर बघितलं. सही करताना दाखवलं तुम्हाला.

अण्णा – कसा दिसत होतो?

बाई – तुमच्याकडे नाही बघितलं. सही बघत होते. नीट आली होती.

वहिनी – चहा टाकते. चहा अजून तरी कुठल्या पक्षाचा नाही.

बाई – कमी साखरेचा, वहिनी.

वहिनी – एकतीस वर्षं करतेय. आज काय नवीन सांगताय?

अण्णा – बाई, जिल्हाध्यक्षाचा फोन आला होता ना तुम्हाला? काय म्हणाला?

बाई – कालच आला. तुमची बातमी लागली आणि पाच मिनिटांत.

अण्णा – पोराला माईक कसा धरायचा ते मी शिकवलं. तोंडाला लावून ओरडायचा. मला काही निरोप?

बाई – नाही. म्हणाले, खुर्च्या-टेबलं राहिली तरी हरकत नाही. कार्डं आधी आणा.

अण्णा – कार्डं.

बाई – तेराच्या तेरा खण.

अण्णा – बसा जरा.

बाई – उभीच बरी आहे. बसले की यादी राहील.

अण्णा – बाकी सगळं न्या. पंखा न्या, घड्याळ न्या, भिंतीवरचे फोटो न्या. कार्डं ठेवा.

बाई – कार्डं पक्षाची आहेत, अण्णा.

अण्णा – कार्डांवरची माणसं माझ्याकडे आली होती.

बाई – दार तुमचं होतं, पाटी पक्षाची होती. माणूस काय बघून आत आला, ते मी कार्डावर लिहिलेलं नाही. नाव लिहिलं, पत्ता लिहिला, काम काय ते लिहिलं. झालं की नाही झालं ते लिहिलं. अकरा हजारांवर कार्डं आहेत, काम कुणी केलं म्हणून एकावरही तुमचं नाव नाही की पक्षाचं नाही.

अण्णा – मी त्यांना शब्द देऊन बसलोय.

बाई – कुणाला?

अण्णा – नव्या लोकांना.

बाई – कार्डांचा शब्द?

अण्णा – बोलावलं होतं त्यांनी. त्यांचा अध्यक्ष, माझ्या धाकट्यापेक्षा लहान असेल. उठून खुर्ची दिली, सगळं रीतीनं केलं. मग पहिलाच प्रश्न, तुमच्या भागातली ती प्रसिद्ध कार्डं, ती तुमच्याच घरात असतात ना? मी म्हटलं, हो, घरातच असतात.

बाई – मग?

अण्णा – मग तिकीट नक्की, म्हणाला.

बाई – आणि त्रेचाळीस वर्षांचं काय विचारलं?

अण्णा – पाणी घेणार का, विचारलं.

बाई – घेतलंत?

अण्णा – घेतलं.

बाई – म्हणजे आमचा पक्ष कार्डं मागतो, तुमच्या-आमच्या भांडणात उभा राहिलेला हा तिसराही कार्डंच मागतो. आयत्या बिळावर नागोबा, दोन्हीकडून. लिहिताना मात्र कुणी शाईसुद्धा विचारली नाही.

अण्णा – तुम्हाला विचारायचं राहिलं. चला माझ्याबरोबर. हीच खोली, हेच टेबल. तुमची खुर्चीसुद्धा हलवायला नको. फक्त बाहेरची पाटी बदलेल.

बाई – नाही.

अण्णा – विचार तरी करा.

बाई – केला. काल तुमची सही बघता बघताच केला. मी सव्वीस वर्षांची होते, घरचा माणूस गेलेला, पदरात मूल. तुम्ही या खुर्चीवर बसवलंत. म्हणालात, मी नाही देत, पक्ष देतोय. आठवतं?

अण्णा – असं म्हणायची पद्धत असते, बाई.

बाई – असेल. मी ते खरं मानलं.

अण्णा – तुम्हाला वाटतं मी चुकलो.

बाई – मला कुठं काय वाटतं. उमेदवारांच्या यादीत तुमचं नाव नव्हतं, ते तुम्ही पेपरात वाचलंत. मी समोर होते. चष्मा काढून पुसलात, परत वाचलंत, परत पुसलात. माझ्या जिवाला लागलं ते. पण ते माझ्याजवळ. कार्डं त्याच्या मध्ये येत नाहीत.

अण्णा – मला तर तेव्हाही काही लागलं नाही. खरंच सांगतो. सगळे म्हणतात, अपमान झाला अण्णांचा. मी आत हात घालून शोधतो, कुठंय अपमान? सापडत नाही. पाय बराच वेळ मुडपून बसल्यावर होतं ना, तसं. आपलाच पाय, पण दुसऱ्याचा वाटतो.

बाई – मुंग्या येतात मग. येतील.

अण्णा – कधी?

बाई – ते मी कशी सांगू? नव्या लोकांनी कार्डांचं काय करायचं ठरवलंय?

अण्णा – दोन पोरं येणार आहेत, कॉम्प्युटर घेऊन. ज्यांची कामं झाली त्यांचे फोन नंबर आधी घालायचे. त्यांना माझ्या आवाजात फोन जाणार. नमस्कार, मी तुमचा अण्णा बोलतोय. आवाज दिलाय मी, परवा.

बाई – आणि ज्यांची नाही झाली?

अण्णा – ती नंतर बघू, म्हणाले.

बाई – जिल्हाध्यक्ष पण तेच म्हणाले. झालेल्या कामांचे बारा खण आधी चढवा. तेरावा टेम्पोत जागा उरली तर.

अण्णा – तेरावा म्हणजे?

बाई – राहिलेल्या कामांचा. एकतीस वर्षं हा तुमच्या डाव्या गुडघ्याशी आहे, अण्णा. हा बघा.

(बाई सगळ्यात खालचा खण ओढून काढतात आणि टेबलावर ठेवतात.)

अण्णा – एवढी?

बाई – दोनशे चौदा. एवढीच. दुसरीकडे कुठं एवढी कमी राहिलेली दाखवा.

अण्णा – याचे कोपरे का दुमडलेत? पाण्यात भिजलं होतं का?

बाई – नाही. कोपरा दुमडला म्हणजे माणसाला वाचता येत नाही. त्याला नुसतं पत्र टाकून भागत नाही, जाऊन सांगायचं.

अण्णा – पण पत्रं तर सगळ्यांना जायची. मी रोज गठ्ठ्यानं सह्या करायचो.

बाई – तुम्ही करायचात. मी टपालात टाकायचे. मग चार दिवसांनी घरी जाता जाता त्यांच्याकडे जाऊन वाचून दाखवायचे. कधी कधी ते पत्र फोडलेलंही नसायचं. फळीवर उभं करून ठेवलेलं असायचं, कुणा पाहुण्यासारखं.

अण्णा – मला कधी बोलला नाहीत.

बाई – त्यात काय बोलायचं? तुम्ही सही केली नसतीत तर मी काय वाचून दाखवणार होते? आणि हे पेन्सिलीचं गोल दिसतं का, कोपऱ्यात? म्हणजे माणूस गेला, पण काम घरच्यांसाठी चालू ठेवायचं. टाचणी आडवी असेल तर माणूस तापट. आधी त्याला बोलून घेऊ द्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही.

अण्णा – टाचणी बऱ्याच ठिकाणी आहे.

बाई – ज्यांची कामं राहतात ते तापट होतात.

अण्णा – हे वाचा. तुमचं अक्षर मला लागत नाही.

बाई – शिवणकाम करणारी बाई. दुसरा मजला. नळाला पाणी सकाळी पाऊण तास, तेही धार करंगळीएवढी. अर्ज तीन वेळा. कोपरा दुमडलेला.

अण्णा – आणि हे?

बाई – रात्रपाळीचा पहारेकरी. सोळा वर्षं नोकरी, पण कागदावर अकराच लागलीत. मधली पाच कुणी खाल्ली ते कळत नाही. पेन्सिलीचं गोल आहे बघा. आता त्याची बायको येते. आली की एवढंच म्हणते, पाच वर्षं तो रात्री घरी नव्हता, हे मला पक्कं माहीत आहे हो, मग कुठं होता?

अण्णा – काय सांगता तुम्ही तिला?

बाई – बसा म्हणते. पाणी देते. काम चालू आहे म्हणते. आणि चालू ठेवते.

अण्णा – बाई.

बाई – हं.

अण्णा – बारा खण चढवा टेम्पोत. झालेली कामं घेऊन जा. पक्षाच्या पाटीखाली झाली, पक्षाला लखलाभ. हा तेवढा ठेवा.

बाई – अण्णा, मतं बारा खणांत आहेत. यात शिव्या आहेत.

अण्णा – कळतंय.

बाई – नव्या लोकांना शब्द दिलाय तुम्ही.

अण्णा – कार्डं घरातच आहेत, एवढंच म्हणालो होतो. आहेतच की दोनशे चौदा.

बाई – तिकीट काढून घेतील.

अण्णा – आता कुठून काढतील, चारला पाटी लागतेय. पडेन फार तर.

बाई – वहिनींना सांगितलंत?

वहिनी – ऐकलंय वहिनींनी, जिन्यातून. धरा कप. पडायचंच असेल तर तळमजल्यावर पडा, लागणार तरी नाही. माडीवरून पडायची हौस झाली त्रेचाळीस वर्षं.

अण्णा – तुला राग नाही आला?

वहिनी – मला येऊन काय उपयोग? तुमच्या वाटचा राग, तुमच्या वाटचं रडू, सगळं मीच करू का? मी पण बहात्तरची होईन आता. आणि पहारेकऱ्याची बायको येते तेव्हा पाणी बाई देतात, पण चहा मी देते. मला ती ठाऊक आहे. तुम्ही तिला ओळखणार नाही.

अण्णा – नाही ओळखणार.

वहिनी – मग ओळख करून घ्या. वेळच वेळ आहे आता. बाई, तुमचा कप खिडकीत ठेवलाय. गार करू नका.

बाई – अण्णा, मला असा खण सोडून येता येत नाही. यादीत तेरा लिहिलेत.

अण्णा – मग?

बाई – मग काही नाही. टेम्पोत जागा नव्हती, असं लिहिते. खुर्च्या आधी चढवल्या की जागा उरतच नाही.

अण्णा – त्यांनी खुर्च्या नकोत म्हणून सांगितलं होतं ना?

बाई – मी आता एवढी वर्षं पक्षात आहे, अण्णा. खुर्च्या आधी चढवायच्या, एवढं मलाही कळतं.

वहिनी – अहो, हसले. बघा, बाई, ओठांच्या कोपऱ्यातून हसले. काल सकाळपासून पहिल्यांदा.

अण्णा – नाही हसलो. चहा गरम होता.

बाई – अक्षर लागलं नाही तर वहिनींना विचारा. त्यांना लागतं, माझी वाणसामानाची चिठ्ठी त्यांनी कितीदा वाचलीय. आणि मंगळवारी गर्दी असते. सकाळी लवकर दार उघडावं लागतं, नाही तर लोक पायरीवर बसतात.

अण्णा – तुम्ही काय काढताय त्यातून?

बाई – एक कार्ड घेऊन जाते.

अण्णा – राहिलेलं सगळं ठेवायचं ठरलं ना?

बाई – याचं काम पक्षाकडे अडलंय. तुम्हाला इथून नाही जमायचं. मला तिकडे राहून बघावं लागेल.

अण्णा – कुणाचं आहे?

बाई – सहा महिने झाले. लोक गेले होते, मी कुलूप शोधत होते. तुम्ही टेबलाच्या पलीकडून उठलात आणि इकडे येऊन बसलात, लोकांच्या बाकावर. म्हणालात, बाई, माझंही एक कार्ड करा.

अण्णा – ती चेष्टा होती.

बाई – मला वाटलं नाही तसं. मी केलं. नाव, पत्ता, काम. पक्षाध्यक्षांची दहा मिनिटं भेट मिळावी. पत्रं चार गेलीत, फोन तर विचारूच नका.

वहिनी – मला नाही बोललात कधी हे.

अण्णा – बाई, राहू द्या ते. मी नाही आता त्या पक्षात.

बाई – अर्ज करणारा पक्षातला असावा, असा या खोलीत कधी नियम नव्हता.

अण्णा – आता भेट मिळून उपयोग काय?

बाई – उपयोगाचं तुम्ही बघा. माझ्याकडे काम झालेलं नाही, एवढंच लिहिलंय.