कांद्याच्या गोंड्याचा पेपर

...नाही, पण मले एक सांगा, ज्या माणसानं तुमचं तोंड कधी पाह्यलं नाही, त्यानं सकाळी सकाळी तुम्हाले 'परमआदरणीय विद्वान महोदय' म्हणून ईमेल केला, त तुम्ही फुगान का खिसे चाचपान? मी खिसे चाचपतो! म्हणे, "आपला थोर शोधनिबंध फी भरताच आम्ही परवापर्यंत छापतो." परवापर्यंत! अरे बावा, आमच्या संग्रामपुरात लग्नाची पत्रिका छापाले याच्याहून जास्त वेळ लागते, आन तुम्ही विज्ञान परवा छापता? आन मी वनस्पतिशास्त्राचा मास्तर, मले बोलावणं दाताच्या डॉक्टराइच्या मासिकातून... मले त शक येते बाप्पा!

आन शक काऊन येणार नाही? आमच्या कॉलेजात रसायनशास्त्राच्या डिंपल मॅडम आहेत, लय कष्टाळू बाई. त्याइनं असाच एका जागी पेपर पाठवला. छापून आला, पेढे वाटले. अंक उघडला, त मॅडमच्या पेपरच्या अलीकडे 'पुलाची बांधणी' आन पलीकडे 'भगर खाण्याचे फायदे'! बढतीच्या मुलाखतीत कमिटीवाल्यानं त्या मासिकाचा पत्ता शोधला, त तिथी निंगालं टायरचं दुकान. गेली बढती! स्टाफरूममध्ये मॅडम एकच वाक्य बोलल्या, "संघपाल सर, मेहनत त खरी होती न माझी?"

म्हणून तुम्हाले सांगतो, माह्या पेपरच्या वेळी मी डोळ्यात तेल घालून बसलो. पेपर कायचा? कांद्याचा. बियाण्यासाठी ठेवलेल्या कांद्याले उंच दांडा येते, त्याच्यावर पांढरा गोंडा फुलते, आन मधमाशी बसली तवाच त्यात बी भरते. सकाळी औषधाचा फवारा मारला की माश्या पळतात आन बी घटते, हे मले दाखवाचं होतं. पुंजाजीबुवाच्या वावरात दोन हंगाम उकिडवा बसून माश्या मोजल्या. बुवा शेजारच्याले म्हणत, "सर चांगले आहेत, पण घरी काही वाजलं असन." हसा! हसा तुम्ही!

पेपर एका चांगल्या नियतकालिकाले पाठवला. मंग काय, सामसूम. किती महिने गेले, मी विसरूनही गेलो. आन एक दिवस ईमेल आला. संपादक कोण, त डॉ. अनुपमा, पुण्याच्या. पेपर दोन तपासनिसांनी वाचला, त्यांच्या शंका सोबत जोडल्या, उत्तरं द्यावी. आता तुम्हीच पाहा, भाषा साधी, पैसे मांगितले नाहीत, माहं आडनाव बरोबर लिहिलं! माहं आडनाव आमच्या बँकेनं अजून बरोबर लिहिलं नाही... मले शक येते बाप्पा! सोबत जोडलेलं मी उघडलंच नाही. व्हायरस राहते त्यात. उलट कळवलं, "बाई, पह्यले तुम्ही खऱ्या आहात हे सिद्ध करा."

दुसऱ्याच दिवशी फोन! "नमस्कार, मी अनुपमा बोलतेय. आपला गैरसमज झालाय का काही?"

म्हटलं, सापडली. "मॅडम, मधमाशीले डोळे किती राहतात?"

"पाच. दोन मोठे, तीन छोटे."

"हे त मोबाईलवर पाहूनही सांगता येते!"

ती बाई हसली हो. चिडली नाही, हसली! भामटा माणूसच इतका शांत राहते. वरून म्हणे, "पुढच्या आठवड्यात आईला घेऊन शेगावला दर्शनाला येतेय. जवळच आहात ना तुम्ही? मला तो कांदा दाखवाल?" म्हटलं, आता समजलं! पेपर छापाचा नाही, माहं काम पाहून स्वतःच्या नावावर कराचा आहे!

बाई खरंच आली. आईले लॉजवर ठेवून, सुती साडी, पायात बूट, सरळ पुंजाजीबुवाच्या वावराच्या धुऱ्यावर. मी म्हटलं, "ओळखपत्र?" तिनं दाखवलं. मी उन्हात धरून पाह्यलं. बुवा म्हणे, "सर, नोट आहे काय थे?"

बाई गोंड्याजवळ बसली. बसली त बसलीच. मंग हळूच एक मधमाशी चिमटीत धरून मले दाखवली. "सर, हिला पंख किती?"

"चार. मधमाशीले चार राहतात." आन पाह्यलं... त दोनच! डोळे पाह्यले त हे एवढाले, अर्धं डोस्कं भरून!

"ही मधमाशी नाहीये," बाई म्हणे. "साधी माशी आहे. मधमाशीसारखे पट्टे घेऊन फिरते, म्हणजे पक्षी हिला डंखाच्या भीतीनं खात नाहीत. तपासनिसांनी हेच विचारलं होतं. तुम्ही वाचलं नाहीत का?"

मायबाप हो! दाताच्या मासिकावर शक घेतला, ओळखपत्रावर घेतला, पुण्याच्या बाईवर घेतला, आन फसवलं कोणं? माशीनं! अंगावर पट्टे ओढून डोळ्यासमोर बसली होती, आन मी तिले खुशाल मधमाशी म्हणून मोजत होतो. दोन हंगाम गेले न पाण्यात! म्हटलं, "मॅडम, फाडून टाका पेपर." बाई म्हणे, "फाडायचा कशाला? जाळी घ्या, पकडून मोजा. बी माशीही भरत असेल, तर ती जास्त मोठी गोष्ट आहे."

पुढच्या हंगामात जाळी घेऊन बसलो. येईन तिले पकडलं, पंख मोजले, मंग लिहिलं. डिंपल मॅडमही आल्या, म्हणे, "मी मोजते, सर. माझ्या मेहनतीवर तुमचा तरी शक नाही न?" आन खरंच, बी भराचं अर्धं काम त्या साध्या माशीचंच निंगालं! पेपर छापून आला. दोघाइचं नाव. मॅडमनं अंक मागून पुढून पाह्यला, कुठी भगर नाही, कुठी पूल नाही, आन मंग कपाटाकडे तोंड करून लय वेळ चष्मा पुसत राह्यल्या.

संपलं म्हणता? काह्यचं! अनुपमा मॅडमचा पुन्हा फोन. "सर, प्रत्येक गोष्टीवर संशय घेणारा माणूस आम्हाला हवाच असतो. तपासनीस व्हाल?" म्हटलं, एवढा गोड आग्रह... मले शक येते बाप्पा! पण तोंडातून निंगालं, "हाव."

आता रोज लोकाइचे पेपर वाचून राह्यलो, डोस्कं पिकून राह्यलं. घरी बायको, आमची महामाया, म्हणे, "याचे काय देतात?"

"काही नाही."

"मंग नाव त छापत असतीन तुमचं?"

"गुप्त ठेवतात."

तिनं चहाचा कप ठेवला आन म्हणे, "ज्याइले भामटे म्हणत होते, त्याइनंच ठेवलं न तुम्हाले कामावर? बिनपगारी!"

चहा पेलो, दुसरं काय करता!