निरंजनचे स्पीकर

व्हय, रोजचं ऐकायला चालत्यात की — कोण म्हणलं न्हाई चालत? दुकानदार सांगतील, हे मॉनिटर स्पीकर हायत, गाणी बनवायच्या कामाचे, घरात लावू नका. आमच्याकडं दोन वर्षं समदं ह्याच्यावरच चाललंय. सकाळच्या बातम्या ह्याच्यावर, हिची मालिका ह्याच्यावर, मॅच ह्याच्यावर, आन् सुट्टीदिवशी निरंजनचं काम. निरंजन म्हंजे माझा पोरगा. हळदीची, वरातीची गाणी बनवतो, बाकीचे दिवस कंपनीत. तुमीबी बनवता का? न्हाई, नुसतं ऐकायचंय — बरं हाय, डोक्याला ताप न्हाई. बसा की खुर्चीवर. दिघीवरनं निघोज्यापर्यंत आलायसा, मोशीचा ट्रॅफिक खाऊन. चहा टाकला असता, पण ही माहेरी गेलीया, आन् वेळबी थोडका हाय — पहिली शिफ्ट सुटून पोरगा घरी यायच्या आत तुमी हे घेऊन निघालं पाहिजे. का म्हंजे — असंच. काय न्हाई.

एक मात्र आधीच सांगतो, मागनं म्हणू नका सांगितलं न्हाई. साधा स्पीकर समदं गोड करून ऐकवतो, सोयरिकीला आल्याल्या पाव्हण्यावानी. ह्यो तसा न्हाई. निरंजन म्हणतो, नाना, ह्यो कुणाची भीड ठेवत न्हाई, जसं हाय तसं सांगतो. मला आधी पटलं न्हवतं. मंग एकदा आमच्या लग्नाची सीडी लावली. सव्वीस वर्षं बघतोय आमी ती — मंगलाष्टकं चाललीत, आन् मागनं माझा चुलता कुणाला तरी म्हणतोय, "वरण संपाय आलंय, पाणी घाल." सव्वीस वर्षांत कुणाला ऐकू आलं न्हवतं, राव. ही हसून हसून लोळाय लागली. आठ दिवस चुलत्याला फोन करून छळला आमी. चांगले दिवस व्हते ते.

वाजवून बघायचं? बघा की. कंप्युटर पोराचा हाय, मला त्यातलं काय कळत न्हाई — हे लांबडं बटन दाबलं की वाजतं, तेवढंच येतं मला. मागं नॉब हाय, फिरवा, वाढवा अजून, लाजू नका... हां, दाबतो — न्हाई, न्हाई, हे गाणं न्हवं. थांबा. बंद केलं. हे — कंपनीतलं हाय. प्रेसचा आवाज. पत्र्याला आकार द्यायचं मशीन असतं ना, त्यावर सेटर हाय मी, मशीन लावून-तपासून देणारा, एकोणीस वर्षं. पोराला एका गाण्यात तसला ठेका पाहिजे व्हता. आत फोन न्यायला बंदी, म्हणून मी डब्याच्या पिशवीत चोरून नेला आन् प्रेसजवळ ठेवला. बापाची हौस, दुसरं काय. तुमी काय ऐकलंत? ठोका पडला — मंग फस्स, ती हवा सुटती — आन् त्याच्यामागं? बारीक टक्. व्हय. पहिल्याच झटक्यात ऐकलंत तुमी. त्यो टक् म्हंजे ब्रेक निसटाय लागलाय. वर थांबायचा प्रेसचा जड घण मंग एखाद दिवशी न सांगता खाली येतो. पण तिथं कल्ला केवढा असतोय, कानात बोळं, तिथं ऐकू येत न्हाई कुणाला. न्हाईच येत. मी चौकशीत तसंच लिहून दिलंय.

चौकशी कसली म्हंजे — जरा हळू बोला. भाईर नळावर भांडी घासतीया ना, ती हर्षाली. तिचा नवरा भीमराज, लातूरकडचा, आमच्याच मागच्या खोलीत भाड्यानं ऱ्हातो, मीच कामाला लावलाय त्याला. मी फोन नेला त्याच्या पाचव्या दिवशी भीमराजचा हात त्याच प्रेसमधी गेला. उजवा. चार बोटं गेली, अंगठा तेवढा ऱ्हायलाय. पिंपरीला दवाखान्यात हाय अजून. प्रेस चालवायला दोन्ही हातांनी दोन बटनं दाबायची असत्यात, म्हंजे हात आत जात न्हाई, आन् त्यानं एक बटन चिंधीनं बांधलं व्हतं. म्हणून कंपनी म्हणती चूक त्याची, भरपाई न्हाई, नोकरीबी न्हाई. बांधलं व्हतं का? बांधत्यात की समदेच, न्हाईतर माल निघायचा कसा? मी बघतो आन् पुढं जातो. रोज सकाळी तपासणीच्या कागदावर 'आवाज ठीक' लिहायचं काम माझं. सात मशिनीचं एकदमच लिहितो, चहा पिता पिता. एवढी वर्षं लिहिलं, कधी काय झालं? न्हाई झालं. वाईट वाटतं हो मला, जेवण जात न्हाई. पण माझी तीन वर्षं ऱ्हायलीत नोकरीची.

आन् पोरगा म्हणतो, उद्या चौकशीला हे दोन्ही स्पीकर उचलून न्हेणार. फोनवर वाजवलं तर कुणाला काय ऐकू यायचं न्हाई, म्हणून हेच साहेबांच्या टेबलावर मांडणार. "नाना, तुमी खरं सांगा, न्हाईतर हे सांगतील," असं तोंडावर म्हणला मला. पोटचा पोरगा. ती फाइल कशी पुसायची ते मला येत न्हाई, तर म्हणलं स्पीकरच काढून टाकावेत. आन् नुसत्या टक्‌नं काय सिद्ध व्हतंय, तुमीच सांगा —

मगाशी त्या टक्‌मागं कोण बोलत व्हतं म्हंता? कुणी न्हाई. मशिनीचाच आवाज असंल. नका, परत नका दाबू, हात काढा तिथनं, अवो ऐका — ...व्हय. भीमराजच हाय तो. "मालोजीनाना, टक टक करतीय बघा ही." आन् त्याला उत्तर देणारा — माझ्याकडं असं बघू नका. "चालू दे" म्हणलो. दोन शब्द. दिवसाला पन्नास वेळा म्हणत असंल मी, चालू दे, चालू दे. मला आठवतबी न्हवतं. ह्या डबड्यावर ऐकलं तवा आठवलं. आता उचला हे, वायरी मी सोडवतो. पैसं काय द्यायचं ते द्या, न्हाई दिलं तरी चालंल, पण गाडीवर बांधा आन् आत्ताच्या आत्ता —

थांबा.

नळ कवा बंद झाला?

हर्षाली... कवाधरनं उभी हायस, पोरी?

तुमी जावा, राव. ऱ्हाऊ द्या स्पीकर. जावा म्हणतो ना.